शाबासकी नको, दाद हवी!

22 मार्च 2020 रोजी सायंकाळी पाच वाजता या देशातील कोट्यवधी माणसे गच्चीवर, सज्जात, चाळीच्या कठड्याशी येऊन उभी राहिली आणि त्यांनी टाळ्या, थाळ्या व घंटा वाजविल्या. महामारीच्या काळात जिवावर उदार होऊन सेवा करणाऱ्यांबद्दल कृतज्ञता व्यक्त करा, असे पंतप्रधानांचे आवाहन होते. पुढे 3 मे 2020 रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ज्यांनी थाळी वाजविली त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांतील असंख्य हात कष्टकऱ्यांचेच होते, आणि आपल्यासाठी कोणीतरी धोका पत्करीत आहे ही जाणीव त्या हातांना निश्चितच होती. प्रश्न त्या थाळीचा नाही. थाळीचा नाद विरल्यानंतर त्याच थाळीत काय पडले, हा खरा प्रश्न आहे.

त्या वर्षी गावोगाव आणि वस्तीवस्तीत घरोघर फिरून ताप-खोकल्याची नोंद घेणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्यांची यादी करणाऱ्या आशा स्वयंसेविकांना या जादा व जोखमीच्या कामासाठी केंद्र शासनाने महिना 1000 रुपये प्रोत्साहनपर रक्कम ठरविली. दिवसाला सुमारे 33 रुपये! ज्यांना ‘योद्धा’ म्हणून गौरविण्यात आले, त्यांच्या एका दिवसाच्या जोखमीची ही किंमत होती. कौतुकाचा आकार आणि मोबदल्याचा आकार यांत एवढे अंतर का पडावे? हा हिशेबातील निव्वळ योगायोग आहे काय? आमच्या मते नाही. सत्ताधारी वर्गाच्या हाती स्तुती हे वेतन टाळण्याचे साधन बनले आहे, आणि म्हणूनच स्तुती कशी केली जाते, कोण करतो व कोणाची करतो, याचा विचार कामगार चळवळीने गंभीरपणे केला पाहिजे.

तीन शब्द, तीन नाती

या पत्रासाठी इंग्रजी व हिंदी मजकुराचे मराठी करीत असताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. प्रशंसेसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. परंतु कोणता शब्द वापरावा हे कामाच्या गुणावरून ठरत नाही, बोलणारा व ऐकणारा यांच्या नात्यावरून ठरते.

पहिला शब्द ‘शाबासकी’. ती वरून खाली येते. गुरुजी विद्यार्थ्याला शाबासकी देतात, साहेब शिपायाला देतो, मुकादम मजुराला देतो. पाठ थोपटणारा हात नेहमी वरचा असतो. मजुराने मुकादमाची पाठ थोपटल्याचे आजवर कोणी पाहिले आहे काय? मुकादम ते उद्धटपणाचे लक्षण मानील आणि दुसऱ्या दिवशी मजुराला कामावर घेणार नाही.

दुसरा शब्द ‘स्तुती’, आणि तिची धाकटी बहीण ‘खुशामत’. ही खालून वर जाते. दरबारी भाटापासून आजच्या चौकाचौकांतील अभिनंदनाच्या फलकांपर्यंत तिची परंपरा अखंड आहे. वाढदिवस पुढाऱ्याचा, छबी पुढाऱ्याची, आणि खाली ओळीने लहान लहान छब्या, त्या फलकाचा खर्च सोसून कृपेची वाट पाहणाऱ्यांच्या!

तिसरा शब्द ‘दाद’. तो या दोहोंहून निराळा आहे. गायकाच्या अवघड जागेला जाणकार श्रोता दाद देतो, शाहिराच्या ललकारीला मैदानातील समुदाय दाद देतो. येथे देणारा वरचा नसतो आणि घेणारा खालचा नसतो. काम ज्याला समजते, तोच दाद देऊ शकतो. फडावरच्या सोंगाड्याने नेमका टोला हाणला की समोर बसलेला गिरणी कामगार हसून जी दाद देई, तीत उपकाराचा भाव नसे; ‘तू हे नेमके साधलेस, आणि मला ते कळले’ एवढेच तो सांगत असे.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ आपण रोज वापरतो. माणूस न्यायालयात ‘दाद मागतो’. कचेरीत खेटे घालूनही त्याची ‘दाद लागत नाही’. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि फारसीत त्याचा मूळ अर्थच न्याय असा आहे. म्हणजे मराठीत गुणाची कदर आणि अन्यायाचे निवारण या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदतात. सामान्य माणसाच्या बोलीने केलेला हा संयोग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्याच्या कामाची खरी कदर केली, त्याला न्यायही दिला पाहिजे. न्याय न देता केलेली कदर अपुरी, किंबहुना खोटी होय. आज राज्यकर्त्यांनी या शब्दाचे दोन तुकडे केले आहेत. त्यांतला टाळ्यांचा तुकडा ते कष्टकऱ्यांच्या अंगावर फेकतात आणि न्यायाचा तुकडा स्वतःच्या खिशात ठेवतात. ते दाद देतात, परंतु दाद लागू देत नाहीत.

पाठ थोपटायची आणि पोटावर मारायचे

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झाले, तेव्हा सुमारे एक हजार लोकवस्तीमागे एक या प्रमाणात ‘आशा’ नेमण्याचे ठरले. आज देशभरात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. गरोदर स्त्रीची नोंद, प्रसूतीसाठी तिला रुग्णालयात पोहोचविणे, बाळाचे लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, हिवतापाचा रक्तनमुना, सर्वेक्षणामागून सर्वेक्षण – या साऱ्या कामांचा भार त्यांच्यावर आहे. परंतु शासनाच्या दफ्तरी त्या कामगार नाहीत; त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’.

या शब्दाकडे जरा निरखून पाहावे. ‘मान’ आधी आणि ‘धन’ नंतर! मान इतका मोठा की धनाविषयी बोलणे अशिष्ट ठरावे, अशी या शब्दाची घडण आहे. हिंदीत तोच शब्द ‘मानदेय’ होतो. तेथेही मानच पुढे. अंगणवाडीत राबणारी ‘सेविका’, तिच्या सोबतीची ‘मदतनीस’, आरोग्य केंद्राशी जोडलेली ‘स्वयंसेविका’ – कायद्याने ज्याला किमान वेतन द्यावे लागते तो ‘कामगार’ हा एक शब्द सोडून बाकी सारे शब्द या स्त्रियांसाठी वापरले गेले आहेत. 2013 साली 45 व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. या परिषदेत शासन, मालक व कामगार संघटना असे तिन्ही पक्ष बसतात. म्हणजे ही केवळ लाल बावट्याची मागणी होती असेही नव्हे. त्या शिफारशीची दाद आजतागायत पूर्णपणे लागलेली नाही.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला. देशाच्या सर्वोच्च नेत्यांनी त्यांचे अभिनंदन केले. परंतु त्या आधीचे वर्ष आठवावे. जून 2021 मध्ये, महामारीची दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच, महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले होते. त्या संपातून महिना 1000 रुपयांची वाढ व 500 रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. 2023 च्या अखेरीस पुन्हा संप झाला, आश्वासन मिळाले, परंतु शासन निर्णय निघेना. म्हणून जानेवारी 2024 मध्ये त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. मुंबईच्या आझाद मैदानात त्यांनी ठाण मांडले, आणि मार्च 2024 मध्ये 5000 रुपये वाढीचा निर्णय निघाला. केंद्राकडून मिळणारी दरमहाची ठराविक रक्कम 2018 पासून 2000 रुपयांवर खिळून होती. ती 3500 करण्याचा निर्णय व्हायला 2025 साल उजाडावे लागले. या तारखा एकापुढे एक मांडल्या की निष्कर्ष आपोआप निघतो. पुरस्काराने, पुष्पवृष्टीने वा थाळीनादाने एक रुपयाही वाढला नाही. जे काही वाढले ते संघटनेने वाढविले.

हाच न्याय सफाई कामगारांचा. 24 फेब्रुवारी 2019 रोजी प्रयागराज येथील कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. छायाचित्रे देशभर झळकली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेस बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये बजावले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख करण्यास सांगितले. ज्या न्यायालयाला पाय धुण्याच्या समारंभानंतर चार वर्षांनीही मृत्यूच्या भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, त्या देशात गटारात माणसे मरणे थांबलेले नाही, हे सांगण्यास निराळा पुरावा नको. ज्याला यंत्र, मुखवटा, प्राणवायूची नळी आणि कायम नोकरी हवी होती, त्याच्या पायांवर पाणी ओतले गेले. हा त्याच्या श्रमाचा गौरव नव्हता, त्याच्या त्यागाचा गौरव होता. आणि त्यागाचा गौरव करणाऱ्याची इच्छा अशीच असते की त्याग चालू राहावा.

शोषकाच्या स्तुतीची ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. ती कामाचे वर्णन कधीच करीत नाही. किती तास, किती घरे, किती किलोमीटर पायपीट, किती रात्रीची बाळंतपणे, यांचा तीत उल्लेख नसतो. ती ‘ममता’, ‘सेवाभाव’, ‘निष्ठा’, ‘मातृहृदय’ असे शब्द योजते. कारण कामाचे वर्णन केले की त्याचा हिशेब होऊ शकतो, आणि हिशेब झाला की मजुरी द्यावी लागते. ममतेचा दर कोणत्या किमान वेतन कायद्यात लिहिला आहे? स्त्री कामगारांच्या वाट्याला ही स्तुती अधिक यावी हेही स्वाभाविकच. घरातील तिच्या विनामोबदला श्रमाला ज्या समाजाने शतकानुशतके ‘अन्नपूर्णा’ म्हणून गौरविले, त्याच समाजाच्या शासनाने तोच हिशेब घराबाहेर चालविला आहे.

याउलट न्यायाची भाषा कशी असते ते 25 एप्रिल 2022 च्या निकालात दिसते. गुजरातमधील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 1972 च्या कायद्यान्वये ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे ठरविले आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच होय असे मानले. न्यायालयाने त्यांच्या मातृहृदयावर भिस्त ठेवली नाही. त्या दिवसभर काय करतात ते पाहिले. काम पाहिले, म्हणून वेतन दिसले.

आपल्याच अंगणात

येथे कोणी असा आक्षेप घेईल की विनावेतन श्रमाची थोरवी कम्युनिस्टांनीही गायिली नाही काय? 1919 साली मॉस्को–कझान रेल्वेच्या कामगारांनी शनिवारी कामाचे तास संपल्यावर बिनमजुरीने जादा काम केले, आणि लेनिनने ‘महान प्रारंभ’ ही पुस्तिका लिहून त्याला दाद दिली. हे खरे आहे. परंतु फरक दोन गोष्टींत आहे. ते काम करण्याचे कामगारांनी स्वतः ठरविले होते, आणि क्रांतीनंतर ती रेल्वे कोणा मालकाची राहिलेली नव्हती. दुसरे असे की लेनिनने कौतुक केले ते आकड्यांनिशी. 10 मे 1919 रोजी 205 माणसे कामास लागली, त्यांनी काय दुरुस्त केले, किती माल चढविला-उतरविला, याचे वृत्तांत त्याने वाचकांपुढे ठेवले. ती शाबासकी नव्हती, दाद होती.

तथापि आपल्या चळवळीच्या इतिहासात दाद मागे पडून भाटगिरी पुढे आल्याचे प्रसंगही आहेत, आणि ते लपविण्यात शहाणपण नाही. 30 व 31 ऑगस्ट 1935 च्या दरम्यानच्या रात्री दोनबासच्या खाणीत अलेक्सी स्ताखानोव याने एका पाळीत 102 टन कोळसा काढला, नेमून दिलेल्या प्रमाणाच्या चौदा पट. त्याचे नाव जगभर झाले. पुढे 1978 मध्ये एका शहरालाही ते देण्यात आले. परंतु त्या रात्री त्याच्या मागे लाकडी टेकू लावीत जाणारे दोन साथीदार होते. त्यांनी छत तोलून धरले नसते तर 102 टन निघाले नसते. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? आणि त्या विक्रमाचा आधार घेऊन पुढच्याच वर्षी अनेक उद्योगांत इतर कामगारांचे नेमून दिलेले प्रमाण वाढविण्यात आले. एकाची स्तुती झाली, आणि ओझे सर्वांच्या खांद्यावर आले. समाजवादी राज्यातही स्तुती वरून खाली वाहू लागली की ती काय करते, हे यावरून शिकावे.

मार्क्सने 1877 साली विल्हेल्म ब्लोस यास लिहिलेल्या पत्रात व्यक्तिपूजेविषयी आपला तिटकारा स्पष्ट नोंदविला आहे. आंतरराष्ट्रीय संघाच्या काळात देशोदेशींहून आलेली स्तुतिपत्रे त्याने प्रसिद्ध होऊ दिली नाहीत. आपल्या देशात डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेच्या धोक्याचा इशारा दिला. हे दोन्ही इशारे आपण इतरांना ऐकवितो. ते स्वतःलाही ऐकविले पाहिजेत.

केरळचे उदाहरण टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तेथील आशांनी 10 फेब्रुवारी 2025 पासून तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर मांडलेले धरणे 266 दिवस चालले. त्या वेळी तेथे डाव्या लोकशाही आघाडीचे शासन होते. योजना केंद्राची आहे, केंद्र निधी देण्यात हात आखडता घेते, हे युक्तिवाद खोटे नाहीत. अनेक राज्यांच्या मानाने केरळातील मानधन अधिक होते, हेही खरे. परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस 7000 चे 8000 झाले, ते या स्त्रिया पावसापाण्यात रस्त्यावर बसल्यानंतर. ते धरणे कोणत्या संघटनेच्या नेतृत्वाखाली होते, हा प्रश्न येथे गौण आहे. ज्या आशांच्या बळावर महामारीच्या काळात केरळच्या आरोग्यव्यवस्थेचे नाव झाले आणि ज्यांची प्रशंसा आपण व्यासपीठांवरून अभिमानाने केली, त्यांची दाद आपल्या दारीही तत्काळ लागली नाही. भांडवलदारी शासनाला आपण जो प्रश्न विचारतो, तोच कोणी आपल्याला विचारला तर उत्तर तयार हवे.

आणि याहून लहान, रोजच्या गोष्टी पाहू. कोणतेही अधिवेशन संपताना आभाराचा ठराव येतो. वक्त्यांची नावे घेतली जातात, अध्यक्षांचे आभार मानले जातात, आणि शेवटी एक वाक्य असते: ‘भोजनव्यवस्थेसाठी अहोरात्र झटणाऱ्या भगिनींचेही आभार.’ त्या भगिनी त्या वेळी भांडी आवरीत असतात. टाळ्या त्यांच्या कानी भिंतीपलीकडून पडतात. चर्चेत भाग घेण्याचा त्यांचा वेळ चुलीपाशी गेला, याची भरपाई त्या एका ‘ही’ने होते काय? असे ठराव मीही अनेकदा मराठीत आणले आहेत, आणि माझी लेखणी तेथे अडखळली नाही, हेही कबूल केले पाहिजे. त्या भगिनींची खरी कदर करायची तर पुढील अधिवेशनात स्वयंपाकाच्या पाळ्या लावाव्यात, त्यांत पुरुष कॉम्रेडांची नावे असावीत, आणि भगिनींची नावे वक्त्यांच्या यादीत यावीत.

कशी द्यावी दाद?

कौतुक नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कौतुकावाचून माणूस कोमेजतो. दिवसभर राबून आलेल्याला त्याचे काम कोणाच्या ध्यानी आले एवढे कळले तरी बळ येते. भांडवलशाही कामगाराला यंत्राचा भाग बनविते. ‘हे तू केलेस’ असे त्याला सांगणे ही त्या अवमाननेविरुद्धची एक कृती आहे. म्हणूनच ती योग्य रीतीने झाली पाहिजे.

कामाचे वर्णन करावे, केवळ स्वभावाचे नव्हे. नाव घ्यावे, आणि ज्यांनी मागे टेकू लावले त्यांचीही नावे घ्यावीत. देणाऱ्याने स्वतःला वरच्या पायरीवर उभे करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रशंसेच्या पाठोपाठ मागणी उच्चारावी. ‘ताई, वस्तीतल्या एकाही बाळाची लस तुम्ही चुकू दिली नाही’ असे जो म्हणतो, त्याने त्याच दमात ‘तुमच्या संपाला आमचा पाठिंबा आहे’ असेही म्हटले पाहिजे. पहिले वाक्य दुसऱ्यावाचून उच्चारणारा स्वतःला नकळत राज्यकर्त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. त्यात त्यांनी आपल्या कष्टाळूपणाची वाखाणणी करा असे म्हटले नव्हते. आठवड्याची एक सुट्टी आणि कामाच्या तासांना मर्यादा मागितली होती. सुट्टी मिळायला 1890 उजाडले. त्या सुट्टीचा लाभ आज असे लोकही घेतात ज्यांना लोखंडे यांचे नाव ठाऊक नाही. त्या साडेपाच हजारांना कोणी थाळी वाजवून गौरविले नाही. त्यांनी दाद मागितली आणि ती लावून घेतली.

उद्या पुन्हा एखादे संकट येईल. पुन्हा वरून फुले पडतील, पुन्हा टाळ्यांचे आवाहन होईल. त्या वेळी टाळी वाजविण्यास हरकत नाही. परंतु टाळी वाजवून हात मोकळे झाले की त्याच हातांनी मागणीपत्रावर सही करावी आणि मोर्चाचा फलक उचलावा. आशा, अंगणवाडी सेविका, सफाई कामगार यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन मिळेल, त्या दिवशी त्यांच्या कामाला या देशाने दाद दिली असे म्हणता येईल. तोवर जे काही चालले आहे, त्याला मराठीत साधा वाक्प्रचार आहे – तोंडाला पाने पुसणे.